वृद्ध स्त्री, बोलली नाही

मी नको म्हणत होतो. तरी तुम्ही ताडीचा कॅन घेऊन आलात, बसलात, आणि आता उठायचं नाव घेत नाही. बरं, सांगतो. पण आमच्या अबोटासो गावात माणूस मुळात कुठून आला हे उघड बोलत नाहीत. घरात आला, घराचा झाला. त्याचं मूळ उकरणाऱ्याला पूर्वी मेंढा दंड पडायचा. आता दंड करणारं कुणी उरलं नाही, म्हणून ज्याला त्याला तोंड फुटलंय. मीही आज तेच करणार आहे, पण सुरुवात मी केलेली नाही. दिवा जरा इकडे सरकवा. लाइट आता येत नाही. आणि मध्येमध्ये ‘मग काय झालं’ म्हणू नका, माझं डोकं फिरतं.

माझी थोरली बहीण ओहेनेवा वारली, तिथून हे सुरू झालं. आमच्यात घराणं आईकडून चालतं, तेव्हा तिचं रक्त तेच माझं रक्त. आम्ही खालच्या वाड्याचे. गावात राजघराण्याचे दोन वाडे, वरचा आणि खालचा, आणि दोघांची दफनभूमी एकच, रेशमी कापसाच्या मोठ्या झाडाखाली. ओहेनेवाने जिवंतपणीच जागा दाखवून ठेवली होती, आईच्या शेजारी. मुलीचा हात धरून म्हणाली होती, “इथे. दुसरीकडे टाकलंत तर मी झोपणार नाही.”

ती मुलगी म्हणजे फोसुआ. कोफोरिदुआ शहरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. लग्न झालेलं नाही, आणि त्यावरून कुणी टोमणा मारला तर असा उलटा मारते की माणूस घरी जाऊन विचार करत बसतो.

अंत्यविधीचा दिवस ठरवायला दोन्ही वाडे जमले. लाल-काळी कापडं गुंडाळून आम्ही बसलो होतो. तेव्हा वरच्या वाड्याचा प्रमुख ओपानिन आम्पोन्सेम उठला. ओपानिन म्हणजे वडीलधारा. मान म्हणून म्हणायचं, दुसरं काय. छडी टेकवून म्हणाला, “मोठ्या झाडाखाली राजघराण्याचे लोक झोपतात. विकत आणलेल्या बाईची अवलाद तिथे पुरायची नाही.”

एखाद्याच्या ताटात थुंकावं तसं झालं. मी उठलो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, “खाली बस ओबिरी. बाजारातून आणलेल्यांनी सभेत उभं राहू नये.”

भरसभेत म्हणाला. माझी नातवंडं बसली होती तिथे.

पंचायतीनेही दोन्हीकडून ढोल वाजवला. म्हणाले, तुमच्या आजीची आई साचिबेआ, तिच्यापासून खालचा वाडा. ती राजघराण्यात जन्मली की बाहेरून आली, याला त्या काळातला साक्षीदार आणा. तोवर प्रेत शवागारात राहू दे.

“त्या काळातला?” घरी येताना मी फोसुआला म्हटलं. “मेलेली माणसं साक्षीला येतात का आता?”

“येतात मामा. फक्त शोधावं लागतं.”

मग तिने मला समजावलं. गोऱ्यांच्या देशात एक अवाढव्य लायब्ररी आहे. आपल्या डोंगरात त्या काळी फिरलेल्या पाद्र्यांनी, साहेबांनी, व्यापाऱ्यांनी जे जे उचलून नेलं, फोटो, नकाशे, गाणी, ते सगळं त्यांनी आता इंटरनेटवर मांडलंय. नंतरच्या कुणी लिहिलेला इतिहास नव्हे, त्या दिवशी त्या जागी निघालेली वस्तू. तीच खरी साक्ष. एक चौकोन असतो, त्यात नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. मग ती लायब्ररी स्वतःच्या पोटात हात घालून बघते आणि सांगते, आहे की नाही.

“म्हणजे हाक मारायची,” मी म्हटलं.

“हाक कसली मामा, नुसतं शोधणं.”

“मेलेल्याचं नाव घ्यायचं तर आधी जमिनीवर दारू ओतायची. ते मी करतो. मला बोलाव.”

ती हसली. “चौकोनात ओतू का? लॅपटॉप शाळेचा आहे.”

मी तेव्हाच चिडून उठायला हवं होतं. पण माझं ऐकतं कोण.

हरमाटनचे दिवस होते. वाळवंटातला वारा सुटलेला, ओठ फुटलेले, सूर्य भर दुपारी अंड्याच्या बलकासारखा फिका. फोसुआ आईच्या अंगणात बसून दिवसदिवस शोधायची. साचिबेआ लिहायची, काही नाही यायचं. साहेब लोक आपली नावं वाटेल तशी लिहून घ्यायचे, म्हणून ती तेच नाव दहा तऱ्हांनी लिहायची. मग गावाचं नाव. मग पाद्र्यांच्या ठाण्याचं नाव. मग एकेक खण उघडायचा, फक्त फोटो, फक्त नकाशे. फोटोत आमचं मोठं झाड दिसलं, त्याखाली टोपी घातलेला एक साहेब आणि अनोळखी माणसं. खाली लिहिलेलं, ‘स्थानिक लोक’. फोसुआने शिवी हासडली. स्वतःचं नाव मात्र प्रत्येक साहेबाने नीट लिहून ठेवलं होतं. त्याच्या कुत्र्याचंसुद्धा.

मग तिने आवाजांचा खण उघडला.

एक साहेब मेणाच्या नळीवर आवाज धरणारं यंत्र घेऊन डोंगरात फिरला होता. त्याची यादी लांबलचक. ढोल, शिंगं, मुलांचं गाणं. आणि मध्येच, ‘अबोटासो. साचिबेआ नावाची वृद्ध स्त्री. यंत्रासमोर बसवली. बोलली नाही.’

फोसुआने ती ओळ पुन्हा वाचली. ज्या बाईसाठी आई बर्फात पडून होती, तिला कुणीतरी खरंच समोर बसवलं होतं. तिने मोबाईलवर ते लावलं. नुसती खरखर, तव्यावर कोरडं पीठ भाजावं तशी. दोन-अडीच मिनिटं. संपलं.

पण साहेबाला काय कळतंय, तिने विचार केला. ती हळू बोलली असेल. आपल्या वंशाची नावं पुटपुटली असतील. तेवढी मिळाली की झालं. ती पुन्हा पुन्हा लावत बसली. कानाशी धरून, इअरफोन घालून, मोठ्या आवाजात. कधी तिला वाटायचं, खरखरीच्या मागे कुणीतरी श्वास घेतंय. कधी वाटायचं, दूर कुठेतरी वाळलेल्या पानांवर पावलं पडताहेत... आणि दर वेळी जरा जवळ.

त्या संध्याकाळी ती चुलीपाशी होती. केळी सोलून उकळत घातलेली, हात चिकानं काळे झालेले. मोबाईल बाजूच्या ओट्यावर खरखरत होता. तिचं लक्ष नव्हतं. आणि दारातून आवाज यावा तसा आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, दमलेला.

“आगो...”

आता आमच्याकडे कुणाच्या अंगणात शिरायचं तर बाहेरून ‘आगो’ म्हणायचं, आणि आतल्याने ‘आमे’ म्हटलं की आत यायचं. मूल बोलायला शिकतं तेव्हाच हे शिकतं. त्यात विचार करायला जागाच नसते. शिंक यावी तसं तोंडातून जातं.

“आमे!” फोसुआ म्हणाली. केळ्यावरून नजरही न उचलता.

मग तिने वर पाहिलं. दारात कुणी नव्हतं. कोंबड्या मात्र सगळ्या एका भिंतीला लागून उभ्या राहिल्या होत्या, आवाज न करता.

तिने मोबाईल उचलला. खरखर चालू होती. पण आता त्या आवाजामागे श्वास नव्हता. भाड्याची खोली रिकामी झाल्यावर जशी वाटते, तशी ती खरखर पोकळ झाली होती.

तिने उकडलेली केळी खाल्ली नाहीत. दार लावून घेतलं. पण लावून काय उपयोग, जे यायचं ते आत आलं होतं.

आमच्याकडे बसायचं लाकडी स्टूल, त्यावरून उठलं की ते आडवं करून ठेवतात. उभं ठेवलं तर कुणीही येऊन बसतं, आणि ते जिवंतच असेल असं नाही. ओहेनेवाचं स्टूल तर ती गेल्यापासून आडवंच होतं. सकाळी फोसुआ उठली तेव्हा ते अंगणाच्या मधोमध उभं होतं. तिने आडवं केलं. विहिरीवरून आली, उभं. वारा असेल, म्हणाली. तिसऱ्या खेपेला तिने बसायच्या जागेवर हात ठेवला. लाकूड कोमट होतं. आणि घरात वास येत होता, ओल्या राखेचा आणि शिया लोण्याचा. ते लोणी उत्तरेकडचे लोक अंगाला लावतात. आमच्या घरात कुणी लावत नाही.

रात्री ती झोपेत असली की घशाला कोरड पडायची. उठून माठाकडे जायची तर माठ रिकामा. संध्याकाळीच भरलेला.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती माझ्या ओसरीवर आली. तोंड उतरलेलं, ओठांतून रक्त आलेलं. सगळं सांगितलं.

“आमे म्हणालीस,” मी म्हटलं.

“तोंडातून गेलं.”

“आणि पाणी?”

“कसलं पाणी?”

“अगं शाळेत काय शिकवतेस तू पोरींना? पाहुणी दारात आली, तू आत ये म्हणालीस. बसायला दिलंस? पाणी दिलंस? कशासाठी आलात म्हणून विचारलंस? इतक्या लांबून चालत आलेली म्हातारी कोरड्या घशाने तुझ्या घरात बसून आहे, आणि तू तिच्या बुडाखालचं स्टूल ओढून आडवं करतेस!”

फोसुआ रडायला लागली. मी रडणाऱ्या माणसांना समजावत नाही, मला जमत नाही. मी जिनची बाटली घेतली आणि तिच्याबरोबर गेलो.

सूर्य डोंगराआड चालला होता. मी जमिनीवर दारू ओतली, शब्द म्हटले. फोसुआने स्टूल उभं केलं, भोपळ्याच्या वाडग्यात पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी स्टुलासमोर ठेवलं. आम्ही दोघं खाली बसलो. वारा थांबला होता. काही बदललं नाही. फक्त वाडग्यातलं पाणी... हळूहळू खाली गेलं. तळाशी गेलं. वाडगा कोरडा.

मी घसा साफ करून, पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, “इथे सगळं ठीक आहे. वाटेवरून तुम्ही आलात. काय काम काढलंत?”

उत्तर आलं नाही. पण फोसुआच्या हातातला मोबाईल आपोआप उजळला.

“मामा... लावू?”

“लाव.”

खरखरीतून बाई बोलायला लागली. साहेबापुढे जी बोलली नव्हती ती. भराभर, एकेक शब्द धरून, जसं कुणीतरी थांबवेल अशी भीती असावी. आणि त्यातला एकही शब्द आम्हाला कळला नाही. आमची भाषाच नव्हती ती.

फोसुआने तोंडावर हात ठेवला. एका क्षणात तिला सगळं कळलं. मलाही. राजघराण्यात जन्मलेली बाई परक्या भाषेत कशाला बोलेल?

रस्त्यापलीकडे बाबा अलिदू चघळायच्या कोलाच्या बिया विकतो. उत्तरेकडचा, चाळीस वर्षं आमच्यात. मी त्याला हात धरून आणला. त्याने उभ्याउभ्या ऐकलं, मग खाली बसला आणि टोपी काढली.

“ही माझ्या आजीच्या गावाकडची बोली आहे,” तो म्हणाला. “ती आपलं नाव सांगते. साचिबेआ नाही, दुसरं. आईचं नाव सांगते. नदीचं नाव सांगते. म्हणते, मिठाच्या व्यापाऱ्यांनी आम्हा दोघी बहिणींना एका दोरीत बांधून आणलं. मला खालच्या वाड्यात विकलं, धाकटीला वरच्या. एकाच गावात राहून आम्हाला एकमेकींना बहीण म्हणायची बंदी होती. विहिरीवर भेटलो तर मान फिरवायची... म्हणते, मला परत जायचंय. पण बहिणीला घेतल्याशिवाय जायचं नाही. दोरी एक आहे.”

मोबाईल बंद पडला. नंतर किती वेळा लावलं, तीच पोकळ खरखर.

आता बघा. आमच्या हाती काय आलं? आम्पोन्सेम खोटं बोलला नव्हता. आणि त्याची स्वतःची पणजी, जिचं माहेर कधी कुणी सांगितलं नाही, ती म्हणजे वरच्या वाड्यात विकलेली हीच धाकटी, तेही कळलं. दोन शब्द सभेत टाकले असते की त्याची छडी हातातून गळली असती. मी तर तोंडात घोळवत होतो ते शब्द, गोड लागत होते.

“नाही,” फोसुआ म्हणाली. “त्याने मूळ काढलं म्हणून आपण काढायचं नाही. ती म्हातारी जे सांगायला आली ते मोठ्या झाडाखालच्या जागेसाठी नव्हतं. मी दावा मागे घेते, मामा. आईला रस्त्याकडेच्या दफनभूमीत नेऊ.”

“ओहेनेवा झोपणार नाही.”

“माहितेय,” ती म्हणाली, आणि कोरडा वाडगा उचलून आत गेली.

पंचायत वरच्या वाड्याच्या अंगणात भरली. म्हणजे यजमान आम्पोन्सेम. फोसुआ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “साक्षीदार मिळाला नाही. आम्ही दावा सोडतो.”

आम्पोन्सेम तिथे थांबला असता तर आज जिवंत माणसांत असता. पण नाही. जिंकलेल्या माणसाला नाचायचंही असतं.

“का गं बाई?” तो म्हणाला. “गोऱ्यांची एवढी मोठी लायब्ररी, आणि तुझी खापरपणजी तिथे सापडली नाही? ऐकलं की मोबाईलमध्ये सापडली. आम्हालाही ऐकव की.”

“त्यात काही नाही, ओपानिन.”

“काही नाही तर भितेस कशाला? लाव! बाजारातल्या बाईचा आवाज कसा असतो बघू तरी.”

लोक हसले. सगळे नाही, पण हसले.

फोसुआने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. “ओपानिन, मी हात जोडते. लावायला सांगू नका.”

त्याने तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, लाव. खरखर सुरू झाली. आम्पोन्सेमने मोबाईल कानाशी धरला, डोळे मिचकावले, “अरे, ही तर केळी तळतेय!” पुन्हा हशा.

मग वाड्याच्या फाटकातून आवाज आला. मोबाईलमधून नव्हे. मी फाटकाकडे तोंड करून बसलो होतो, तिथे कुणी नव्हतं, नुसती धूळ होती.

“आगो...”

फोसुआने ओठ दातांत धरले. मी जीभ चावली, अजून व्रण आहे. बाकीचे पाहुणे, दुसऱ्याच्या घरात कोण उत्तर देतो? उत्तर यजमानाने द्यायचं असतं.

“आमे!” आम्पोन्सेम म्हणाला. अगदी मोकळ्या आवाजात.

अंगणातल्या कोंबड्या भिंतीला लागल्या. आम्पोन्सेमने फाटकाकडे पाहिलं, मग मोबाईलकडे. हसणं तोंडावर तसंच राहिलं, आत काही नसताना. पाणी द्या, असं मी ओरडलोही. “पाणी द्या रे तिला!” त्याने मला बाहेर काढायला सांगितलं.

ओहेनेवाला आम्ही त्या शनिवारी रस्त्याकडेला पुरलं, ट्रक ड्रायव्हरांच्या शेजारी. वरच्या वाड्यातलं एकही माणूस आलं नाही. दिवसभर हॉर्न वाजतात तिथे.

वरच्या वाड्यात त्याच आठवड्यात स्टुलं उभी राहायला लागली. एक नव्हे, दोन. समोरासमोर. त्याची सून पाणवठ्यावर सांगायची की माठ भरून दम लागतो, आणि घरभर शिया लोण्याचा वास, आणि म्हातारा समोरच्या रिकाम्या जागेवर ओरडतो, मान फिरवा म्हणून. कुणीतरी सांगितलं, पाणी ठेवा, काम विचारा. तो म्हणाला, बाजारातल्या बाईला मी पाणी देऊ?

एका संध्याकाळी तो निघाला. गावाने पाहिलं, मीही पाहिलं. अनवाणी, उत्तरेच्या रस्त्याने, धुळीत. दोन्ही मनगटं पुढे एकत्र धरलेली, आणि कुणी ओढत असावं तशी चाल. मी नावाने हाक मारली. वळून पाहिलं नाही. पोलिसांनी शोधलं, रेडिओवर सांगितलं. सापडला नाही. ज्याने माझ्या बहिणीला जागा दिली नाही, त्याच्यासाठी मोठ्या झाडाखाली खणलेला खड्डा अजून रिकामा आहे. पावसात पाणी साचतं.

लायब्ररीच्या त्या पानावर अजून तेच लिहिलंय, ‘वृद्ध स्त्री. बोलली नाही.’ फोसुआ आता ते लावत नाही. पण मी परवा तिच्याकडून लावून घेतलं. खरखर आहे. खरखरीमागे श्वास आहे. पण बाईचा नाही. आणि शेवटी शेवटी, छडी नसलेला एक दमलेला म्हातारा ‘आगो’ म्हणतो.

फोसुआने माझ्या तोंडावर हात दाबला होता. गरज नव्हती. मी उत्तर देणारच नव्हतो. दर वेळी जरा जवळून म्हणेल. म्हणू दे. दारात आला की पाणी देईन, स्टूलही देईन. पण त्याच्या आधी, भरसभेत माझ्या नातवंडांसमोर जे बोलला, त्याची माफी दारातूनच मागायची. अजून मागितलेली नाही त्याने, ओपानिन आम्पोन्सेमने.